दुरुस्ती की नवं विमान? घरी बांधलेल्या विमानाच्या पुनर्बांधणीचं एक प्रकरण

घरी बांधलेलं विमान मोडलं, बरीच वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलं आणि मग तिसऱ्याच माणसाने ते पुन्हा उभं केलं. कायद्याच्या लेखी ते जुनंच विमान की नवं? खालच्या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक अडचण या एका प्रश्नापाशी येऊन थांबली. वेल्डिंग, कापड, रंग ही कामं त्यामानाने सुरळीत झाली.

प्रकरण अमेरिकेतलं आहे. माणसं आणि विमान ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी यात ए अँड पी मेकॅनिक म्हणून होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींवर काम करण्याचा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) परवाना असलेला माणूस. विमान माझं नव्हतं. ज्याचं होतं त्याला इथे नुसतं ‘मालक’ म्हणतो.

पार्श्वभूमी

विमान दोन आसनी, वर पंख असलेलं, मागे शेपटीखाली छोटं चाक. धड ४१३० क्रोमोली पोलादाच्या नळ्या वेल्ड करून केलेलं, पंखांना लाकडी स्पार (पंखाचा मुख्य आधार असलेली लांब तुळई), वरून कापड. इंजिन कॉन्टिनेंटलचं सी-८५. एका हौशी माणसाने नव्वदच्या दशकात आराखडे विकत घेऊन ते बांधलं आणि ‘एक्सपेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट’, म्हणजे प्रायोगिक, हौशी बांधणीच्या, वर्गात त्याला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळवलं. या वर्गाची मुख्य अट अशी की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी लोकांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी घडवलेला आणि जोडलेला असावा. तिथले लोक याला ‘फिफ्टी-वन पर्सेंट रूल’ म्हणतात.

आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांचं विमान २०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि उड्डाणाची परवानगी हाती यायला २०१९ उजाडलं. अमेरिकेत हौशी बांधणीची वाट खूप आधीच मळलेली आहे, त्यामुळे नवं विमान बांधणाऱ्याला पुढे काय करायचं ते माहीत असतं. मोडलेलं जुनं विमान उभं करणाऱ्याला तशी सरळ वाट नाही. त्याला दोन-तीन वेगवेगळ्या नियमांतून स्वतःची वाट जुळवावी लागते.

बांधणाऱ्याने विमान पंधरा-एक वर्षं उडवलं. २००९ मध्ये उतरताना वाऱ्याने ते धावपट्टीवर गर्रकन फिरलं. डावं चाक मोडलं, डाव्या पंखाचा स्पार तडकला, प्रोपेलर जमिनीला लागला आणि धडाचा पुढचा भाग, म्हणजे केबिनच्या आसपासच्या नळ्या, वाकल्या. शेपटीकडचा भाग आणि उजवा पंख शाबूत राहिले. विमान शेडमध्ये गेलं ते गेलंच. पुढे बांधणारा वारला. त्याच्या पत्नीने सगळं सामान दुसऱ्या एका हौशी माणसाला विकलं आणि पावती म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. त्या माणसाने ना दुरुस्ती केली, ना नोंदणी आपल्या नावावर करून घेतली. २०२० मध्ये आपल्या मालकाने त्याच्याकडून ते विकत घेतलं.

अडचण

मालकाला वाटत होतं की दुरुस्ती करायची, मेकॅनिककडून तपासणी करून घ्यायची आणि उडायचं. ही समजूत अगदीच चूक नव्हती. एक्सपेरिमेंटल विमानांना देखभालीच्या नियमांचा पार्ट ४३ लागू होत नाही. त्यामुळे प्रमाणित विमानाच्या मोठ्या दुरुस्तीला लागणारा फॉर्म ३३७ इथे लागत नाही आणि दुरुस्ती कोणीही करू शकतो. ही मुभा खरी आहे. पण विमान नोंदणीकृत आहे आणि त्याची ओळख पक्की आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

ओक्लाहोमा सिटीच्या एफएए नोंदणी कार्यालयातून विमानाची पूर्ण फाइल मागवली. फाइल कोणालाही, थोड्या शुल्कात मिळते. ती उघडली तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या.

नोंदणी रद्द झालेली होती. २०१० पर्यंत अमेरिकेत विमानाची नोंदणी एकदा केली की बेमुदत चालायची. १ ऑक्टोबर २०१० पासून नियम बदलला आणि जुन्या सगळ्या विमानांची २०१३ अखेरपर्यंत फेरनोंदणी सक्तीची झाली. आमचं विमान तेव्हा शेडमध्ये होतं आणि बांधणाऱ्याने सूचनेच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. सुदैव इतकंच की रद्द होण्याचं कारण ‘मुदत संपली’ असं नोंदलेलं होतं. तिथे ‘नष्ट’ असा शेरा असता तर हे तेच विमान आहे हे सिद्ध करणं फार जड गेलं असतं.

मालकीची साखळी तुटलेली होती. फाइलप्रमाणे शेवटचा मालक अजून बांधणाराच, म्हणजे हयात नसलेला माणूस. मधल्या खरेदीदाराचं नावच कुठे नाही.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटली होती. धडाच्या मागच्या भागाला, शेपटीजवळ, बांधणाऱ्याने स्टीलची ओळखपाटी रिव्हेट केली होती. तिच्यावरच्या अनुक्रमांकात बांधणाऱ्याची आद्याक्षरं, मग छोटी आडवी रेघ आणि ‘०१’. नोंदणीच्या कागदावर नुसता ‘१’.

पर्याय

मालकाने एव्हाना धडासाठी जिग, म्हणजे वेल्ड करताना नळ्या जागच्या जागी धरणारा साचा, बनवायला घेतला होता. त्याचा विचार सरळ होता: वाकलेल्या नळ्या एकेक कापून जोडत बसण्यापेक्षा धडाचा पूर्ण सांगाडा नव्याने वेल्ड करू, तो सरळही येईल आणि कामही लवकर होईल. मग जुनी पाटी काढून नव्या धडावर लावू.

मी थांबवलं ते इथे. ओळखपाटीबद्दलचा नियम, ४५.१३, अगदी रोखठोक आहे. एका विमानावरून काढलेली पाटी दुसऱ्या विमानावर लावता येत नाही आणि पाटीवरची माहिती परवानगीशिवाय बदलता येत नाही. धड पूर्ण नवं असेल तर ते ‘तेच विमान’ आहे असं म्हणायला आधार काय उरतो? पंख? शेपटी? कुठला भाग म्हणजे विमान, याची एका ओळीची व्याख्या नियमात नाही. वाद झालाच तर तो तपासनिसाच्या टेबलावर होतो आणि तिथे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर असतं. जुनं धड भंगारात आणि त्यावरची पाटी नव्या धडावर, ही अवस्था मला तरी सही करण्याजोगी वाटली नसती.

दुसरी वाट म्हणजे हे नवं विमान आहे असं उघड सांगायचं: नवा अनुक्रमांक, बांधणारा म्हणून मालकाचं नाव, नवी पाटी. मालकाला हा पर्याय फार आवडला होता आणि त्याचं कारण वेगळं होतं. विमानाचा मुख्य बांधणारा ‘रिपेअरमन’ प्रमाणपत्राला पात्र ठरतो आणि मग दर १२ महिन्यांनी होणारी कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमान सुरक्षित स्थितीत आहे का याची तपासणी, तो स्वतःच करू शकतो. पण हे प्रमाणपत्र त्या माणसापुरतं आणि त्या विमानापुरतं असतं. विमान विकलं तरी ते सोबत जात नाही आणि दुसऱ्याच्या विमानाची कितीही दुरुस्ती केली तरी मिळत नाही. ते मिळवायचं तर विमान ‘नवं’ असायला हवं.

गणित मात्र जमत नव्हतं. नवं विमान म्हटलं की निम्म्याहून जास्त काम मालकाने केल्याचं दाखवायला हवं. एफएएचा तपासणी-तक्ता, फॉर्म ८०००-३८, विमानाच्या एकेका भागाचं घडवणं आणि जोडणं कोणी केलं ते मांडतो. आधीच कोणीतरी घडवलेले भाग वापरायला हरकत नाही, पण त्यांचं श्रेय मिळत नाही. उजवा पंख, शेपटीचे सगळे भाग, नियंत्रणांचे दांडे, बऱ्याचशा रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) बांधणाऱ्याच्या हातच्या आणि उत्तम स्थितीत. रकाने भरण्यासाठी ते फेकून तसेच पुन्हा बनवायचे, हे कोणाच्याच मनाला पटेना. तरीही मालकाने तक्ता भरून पाहिला, ते बरं केलं. नुसत्या तोंडी चर्चेने त्याचं समाधान झालं नसतं.

तिसरा पर्याय दुरुस्तीचा. धडाचा मागचा भाग, पाटीसकट, जिथे आहे तिथे ठेवायचा. पुढच्या वाकलेल्या नळ्या कापून त्या जागी नव्या जोडायच्या. डाव्या पंखाला नवा स्पार. विमान तेच, ओळख तीच, बांधणारा तोच दिवंगत माणूस. नोंदणी नव्या मालकाच्या नावाने पुन्हा करायची आणि उड्डाणयोग्यतेचं काय ते स्थानिक एफएए कार्यालयाला, म्हणजे एफएसडीओला, विचारायचं.

सुटे भाग विकून मोकळं होण्याचा पर्यायही बोलण्यात आला होता. तो मालकाच्या पत्नीने मांडला होता आणि पैशाच्या हिशेबाने तोच सर्वांत शहाणपणाचा होता.

निर्णय आणि कार्यवाही

तिसरा पर्याय ठरला. ठरल्यावर पहिलं काम वेल्डिंगचं नव्हतं. धड आहे त्या अवस्थेत, एकही नळी न कापता, चहूबाजूंनी फोटोंत घेतलं. प्रत्येक सांध्याला क्रमांक दिला, कुठून कुठपर्यंत कापणार ते नळीवर खडूने आखलं आणि पुन्हा फोटो. पाटी, तिचे चार रिव्हेट आणि आजूबाजूचा जुना रंग एकाच फोटोत येतील असा एक खास फोटो. पुढे तपासनिसाने सर्वांत जास्त वेळ पाहिला तो हाच.

नळ्या जोडताना एफएएच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेतल्या पद्धती वापरल्या: काही ठिकाणी आत बाही घालून तिरकस छेदाचा सांधा, काही ठिकाणी बाहेरून माशाच्या तोंडासारखा कापलेला तुकडा चढवून वेल्ड. पार्ट ४३ लागू नाही, म्हणजे ही पुस्तिकाही बंधनकारक नाही. पण लॉगबुकात ‘अमुक सांधा अमुक पद्धतीने’ असं लिहिता आलं की वाचणाऱ्याचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. कापड चढवण्याआधी मी सगळे सांधे पाहून वेगळी नोंद केली. कापडाखाली गेलेलं वेल्ड नंतर कोणाला दाखवणार?

मालकीच्या साखळीचं काम याच काळात, पण फार सावकाश चाललं. बांधणाऱ्याची पत्नीही वारली होती. मुलगी दुसऱ्या राज्यात सापडली आणि मदतीला तयार झाली. मृत्युपत्राची कोर्टात नोंद झालेली नव्हती, त्यामुळे व्यवस्थापक नेमलेला नव्हता. अशा वेळी नोंदणी कार्यालय वारसाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घेतं.

इथे एक सोपा आडरस्ता समोर आला. मुलीने थेट आपल्या मालकाच्या नावे विक्रीखत लिहून द्यायचं, म्हणजे मधला माणूस कागदावर येतच नाही. एक सही कमी, एक टपाल कमी. मालक जवळजवळ तयार झाला होता. पण मधल्या माणसाने खरोखर पैसे मोजले होते आणि ती चिठ्ठी अजून त्याच्याकडे होती. उद्या त्याच्या नावावरचं एखादं कर्ज किंवा हक्क निघाला तर काय, हा प्रश्न विमानाची मालकी तपासून देणाऱ्या सल्लागाराने विचारला आणि आडरस्ता तिथेच बंद झाला. शेवटी फॉर्म ८०५०-२ वर दोन विक्रीखतं झाली: मुलीकडून मधल्या माणसाला आणि मधल्या माणसाकडून मालकाला. दुसरं आधी एकदा झालेलं होतं, पण त्याची तारीख पहिल्याच्या आधीची पडत होती, म्हणून ते नव्याने केलं. त्यांच्यासोबत नोंदणीचा अर्ज, फॉर्म ८०५०-१.

अर्ज परत आला. कारण होतं ते अनुक्रमांकातल्या रेघेचं. मालकाने पाटी पाहून अर्ज भरला होता आणि कार्यालयाच्या नोंदीत नुसता ‘१’ होता. दोन सूचना पुढे आल्या. एक, नोंदीशी जुळणारी नवी पाटी कोरून घ्यावी. ही एका मित्राची, आणि साफ चुकीची. दुसरी, पाटीला हात न लावता नोंद दुरुस्त करून घ्यावी. फाइल पुन्हा चाळली तेव्हा बांधणाऱ्याने मूळ प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जावर अनुक्रमांक पाटीसारखाच, आद्याक्षरं आणि रेघेसकट, लिहिलेला सापडला. नोंदणीत तो चढवताना कोणीतरी छोटा केला होता. त्या अर्जाची प्रत आणि पाटीचा फोटो जोडून दुरुस्तीची विनंती पाठवली. मान्य झाली, पण त्यात एक अख्खा हिवाळा गेला.

नोंदणी हातात आल्यावर एफएसडीओला लेखी विचारलं: नव्वदच्या दशकातलं प्रमाणपत्र मुळात बेमुदत आहे, ते चालेल का? त्यांनी नव्या प्रमाणपत्राचा अर्ज, फॉर्म ८१३०-६, मागितला. मालक नाराज झाला. मला मात्र यात फायदा दिसला. जुन्या प्रमाणपत्रासोबतच्या उड्डाण-मर्यादा, ज्यांना ऑपरेटिंग लिमिटेशन्स म्हणतात, त्या काळाच्या भाषेत होत्या आणि मोठा बदल केल्यावर काय करायचं याबद्दल मोघम होत्या. नव्या प्रमाणपत्रासोबत नव्या, स्पष्ट मर्यादा मिळणार होत्या. विमान हौशी बांधणीचं आहे हे पुन्हा सिद्ध करावं लागलं नाही, कारण बांधणाऱ्याचं पात्रतेचं नोटरी केलेलं पत्र फाइलमध्ये होतं. ते नसतं तर मेलेल्या माणसाच्या कामाचा हिशेब जिवंत माणसाला द्यावा लागला असता.

प्रोपेलरचा निर्णय मधेच आला. जुना लाकडी प्रोपेलर गेलेला होता. मालकाला जमिनीवर कोन बदलता येणारा, कॉम्पोझिटचा हवा होता. चढायला तो नक्कीच चांगला. पण पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे ‘फेज वन’च्या, चाचणी-उड्डाणांचे तास इंजिन आणि प्रोपेलर ही जोडी प्रमाणित आहे की नाही यावर ठरतात: प्रमाणित असेल तर साधारणपणे २५, नसेल तर ४०. या टप्प्यात ठरलेल्या क्षेत्राबाहेर जायचं नाही, प्रवासी न्यायचा नाही. मालकाने प्रमाणित जोडीतला धातूचा प्रोपेलर घेतला.

तपासणी डीएआरकडून, म्हणजे एफएएने नेमलेल्या खासगी तपासनिसाकडून करून घेतली. तो फी घेतो. एफएएचा निरीक्षक घेत नाही, पण त्याच्या तारखेची वाट पाहावी लागते. डीएआर येण्याआधी आम्ही स्वतःच सगळं पुन्हा पाहिलं, त्यात केबिनच्या दाराजवळचा ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द सापडला: अक्षरं दीड इंचाची, नियम किमान दोन इंचांचा. रंगाऱ्याने दारावर छान बसतील अशी काढली होती. पुन्हा रंगवली.

निष्पत्ती

डीएआरने दुरुस्तीपेक्षा ओळखीवर जास्त वेळ घालवला. आधी पाटी, मग तिचा जुना फोटो, मग कापायच्या आधी आखलेल्या नळ्यांचे फोटो आणि कापड चढवण्याआधीची माझी नोंद. अडला एकाच ठिकाणी: वजन आणि गुरुत्वमध्याचा हिशेब. मालकाने तराजूवर नवं वजन घेतलं होतं, पण चाकांची संदर्भरेषेपासूनची अंतरं जुन्या कागदावरून उतरवली होती. लँडिंग गिअर नव्याने बसवलेलं असताना ती अंतरं तीच राहिली असतील असं धरता येत नाही. ओळंबा सोडून, जमिनीवर खुणा करून अंतरं पुन्हा मोजली. फरक थोडा होता, पण होता. हिशेब बदलला आणि प्रमाणपत्र मिळालं.

२५ तासांचा टप्पा खराब हवेमुळे लांबला. तो संपल्यावर विमान सामान्य वेगांत आणि करायच्या सगळ्या हालचालींत ताब्यात राहतं, त्यात धोकादायक गुण नाहीत, हे सांगणारी विहित शब्दांतली नोंद मालकाने लॉगबुकात केली, चाचणीत मिळालेल्या वेगांसकट.

रिपेअरमन प्रमाणपत्र त्याला मिळालं नाही. त्यामुळे इंजिन उतरवणं, ब्रेक बदलणं, पंख काढणं हे सगळं तो स्वतः करतो आणि वर्षातून एकदा कंडिशन इन्स्पेक्शनच्या सहीसाठी मेकॅनिक बोलावतो.

काय वेगळं करता आलं असतं

फाइल विमान घ्यायच्या आधी मागवायला हवी होती. रद्द नोंदणी आणि तुटलेली साखळी तेव्हाच दिसली असती आणि मधल्या माणसाने पैसे घेण्याआधी वारसांकडून कागद आणून दिले असते. विकणाऱ्याला विक्री होईपर्यंतच उत्साह असतो. नंतर त्याची सही मिळवायला मालकाला बरीच मनधरणी करावी लागली.

एफएसडीओला प्रमाणपत्राबद्दलचा प्रश्न आम्ही नोंदणी झाल्यावर विचारला. तो लेखी, धडाच्या फोटोंसह, अगदी सुरुवातीला विचारता आला असता. तेव्हा त्यांनी नोंदणी आधी आणा म्हणून परत पाठवलं असतं, हे शक्य आहे. पण ‘धड असं दुरुस्त करणार आहोत, ओळख कायम राहील असं धरतो’ हे वाक्य कापाकापीच्या आधीच्या तारखेने त्यांच्याकडे पोहोचलं असतं. पुढे निरीक्षक बदलला असता तर तो कागद कामाला आला असता.

नव्या विमानाच्या पर्यायाबद्दल मालकाचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, डावा पंख आणि पूर्ण धड नवं केलं असतं आणि थोडी हिंमत धरून शेपटीही नवी केली असती, तर तक्ता निम्म्यापलीकडे गेला असता आणि दरवर्षीची सही त्याची स्वतःची झाली असती. तक्त्यापुरतं ते कदाचित खरंही असेल. पण मग उजवा पंख आणि उरलेले सुटे भाग कागदावर नोंद नसलेल्या विमानाचे झाले असते, फेज वन अगदी शून्यातून सुरू झाला असता, आणि चांगली शेपटी कापून टाकायला मी तरी करवत हातात घेतली नसती.

बांधणाऱ्याच्या मुलीने विमानाच्या फोटोची एक प्रत मागितली होती. मालकाने पाठवली. नोंदणीत ‘निर्माता’ या रकान्यात तिच्या वडिलांचंच आडनाव आहे.